मधली चित्रात नव्हती

तिघी बहिणी. थोरलीनं पूल बांधले, मधलीनं घर सांभाळलं आणि धाकटीनं चित्रं काढली. नात्यात, शेजारीपाजारी तिघींची ओळख अशी एका दमात करून दिली जायची, आणि त्यात सगळं आलं असं ऐकणाऱ्यालाही वाटायचं. धाकटी थोरलीला ताई म्हणायची, मधलीला माई. त्या दोघी हिला छोटी म्हणायच्या. छोटीचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती छोटीच राहिली.

धाकटीचं काम मुलांच्या पुस्तकांतलं. त्यातही तिचा हात बसला होता तो चरित्रांवर. मोठ्या माणसांच्या आयुष्याची ती पातळ पुस्तकं असतात ना, पानागणिक चार ओळी आणि बाकी सगळं चित्र, ती. कोणी डोंगर चढलेला, कोणी औषध शोधलेलं, कोणी भटक्या मुलांसाठी शाळा काढलेली. घराच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून तिचं टेबल होतं. डाव्या हाताला ब्रशांचे डबे, उजव्या हाताला पाण्याचे दोन पेले आणि शेजारी चहाचा तिसरा. कामात बुडाली की ती ब्रश चहात बुचकळायची. एकदोनदा उलटंही झालं होतं, आणि निळ्या रंगाची चव कशी लागते हे ती पाहुण्यांना रंगवून सांगायची.

इतक्या वर्षांत तिचे काही नेम ठरून गेले होते. पुस्तकातल्या मुख्य माणसाला एक रंग द्यायचा आणि तो दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, म्हणजे पान उलटलं की पोराचं बोट बरोबर तिथं पडतं. खिडकीतला उजेड त्याच्याच अंगावर पाडायचा. बाकीची माणसं करड्या-तपकिरी रंगात, जरा पाठमोरी. आणि माणसं थोडी. लहान मुलांच्या पानावर गर्दी झाली की गोष्ट हरवते, असं ती नव्या चित्रकारांना शिकवायचीसुद्धा. या नेमापायी तिच्या हातून कोणाचे भाऊ गळले, कोणाची बायको गळली, कोणाच्या घरी धुणं धुणारी बाई गळली. त्यांतलं कोणी कधी तक्रार घेऊन आलं नाही. येणार तरी कुठून, सगळी कधीच जगातून गेलेली.

अशात प्रकाशनाच्या संपादिकेचा फोन आला. ही बाई वयानं धाकटीच्या मुलीएवढी, पण कामात पक्की.

"मॅडम, पुढचं पुस्तक पूल बांधणाऱ्या इंजिनिअरबाईंवर आहे. तुमच्याच थोरल्या बहीण ना त्या? मला कालच कळलं. मग चित्रं दुसऱ्या कोणाला द्यायचा प्रश्नच नाही."

धाकटीला मनापासून आनंद झाला. थोरलीचा तिला अभिमान होता. थोरली ज्या काळात शिकली त्या काळात बांधकामावर बाई दिसली की मुकादम विचारायचा, डबा कोणाचा आणलाय. त्यातून वर येऊन तिनं तीन मोठ्या नद्यांवर पूल उभे केले होते. आता ती निवृत्त होऊन दूरच्या शहरात राहत होती, आणि अजूनही कुठला पूल ओलांडताना गाडीत मध्येच बोलणं थांबवून खालचा आवाज ऐकायची.

मजकूर एका तरुण लेखकानं लिहिला होता. तो थोरलीकडे जाऊन आला होता, दिवसभर बसून बोलला होता. मजकूर नेटका होता. धाकटीनं तो खिडकीशी उभ्या उभ्या वाचला. एका पानावर लिहिलं होतं: "आई आजारी. बाबा दिवसभर बस चालवायचे. घरात हाताशी कोणी नव्हतं. तरी या मुलीनं शाळा सोडली नाही."

धाकटी त्या ओळीपाशी थांबली. घरात हाताशी कोणी नव्हतं, हे खोटं होतं. मधली होती. आईनं अंथरूण धरलं तेव्हा थोरली तेरा वर्षांची, मधली अकराची आणि धाकटी जेमतेम तीनची. त्याच वर्षी मधलीची शाळा सुटली. स्वयंपाक, आईचं औषधपाणी, बाबांचा डबा, धाकटीचं न्हाणं-माखणं, सगळं तिच्या अंगावर पडलं आणि मग कधी उतरलंच नाही. आई गेल्यावरही नाही. थोरली शिकली, मग धाकटीची चित्रकलेची शाळा झाली, आणि मधली शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागली. लग्नाचं वय घरातच निघून गेलं.

हे सगळं धाकटीला ठाऊक होतं. पण मजकूर लेखकाचा, आपलं काम चित्राचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. थोरलीलाही तो दाखवला असेलच की. आणि ती कामाला लागली.

कामाला लागली म्हणजे तिनं पहिला फोन केला तो मधलीला. कारण जुनं घर धाकटीला धड आठवतच नव्हतं.

"माई, स्वयंपाकघराचं दार कुठल्या रंगाचं होतं?"

"हिरवं. खालच्या अंगाला पोपडे आलेले. तूच नखानं काढायचीस आणि तोंडात घालायचीस."

"आणि टेबल?"

"टेबल लांब होतं, त्याला कडेला करवतीची खूण होती. दोन खुर्च्या. एकीचा पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. चूल नव्हती गं, घासलेटचा स्टो. वरच्या फळीवर पाच पातेली, उतरत्या मापानं."

"ताईचा फ्रॉक?"

"पिवळा. फार शोभायचा तिला." मधली हसली. "माझ्याकडे आला तोवर काखेत विरला होता."

असे फोन बरेच झाले. खिडकीतून काय दिसायचं, आईचा पलंग कुठल्या भिंतीला होता, बाबांची टोपी कशावर टांगलेली असायची. मधली शिलाई बाजूला ठेवून सगळं सांगायची, कधी कधी आठवून पुन्हा स्वतःच फोन करायची. "छोटे, त्या खिडकीला पडदा नव्हता हं, मी उगाच म्हटलं. पडदा नंतर मी शिवला." पुस्तकातलं ते घर विटेविटेनं मधलीनं उभं केलं. लेखकालाही ते माहीत नव्हतं आणि संपादिकेलाही.

पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र होतं चमच्यांच्या पुलाचं. थोरलीनं लहानपणी सुतळीच्या दोन दोऱ्या ताणून, त्यांवर चमचे आडवे बांधून एक झुलता पूल केला होता आणि त्यावरून धाकटीचा लाकडी घोडा चालवला होता. मजकुरात होतं: "तिनं चमच्यांचा पूल बांधला. तिचा पहिला पूल." ही गोष्ट धाकटीनं मधलीच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. दोऱ्यांचं एक टोक टेबलाच्या पायाला बांधलेलं होतं. दुसरं टोक मधलीच्या डाव्या हातात होतं, कारण उजव्या हातानं ती स्टोवरचं दूध ढवळत होती. "घोडा मध्यावर आला की ताई ओरडायची, ढिली सोडू नकोस," असं सांगताना मधली हात पुढे करून दाखवायची आणि तो हात तेवढ्यापुरता खरंच ताठ व्हायचा.

धाकटीनं कच्चं चित्र काढलं. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं स्वयंपाकघर, मध्ये पिवळ्या फ्रॉकातली थोरली, डावीकडे टेबल आणि उजव्या कडेला, पानाच्या अगदी काठाशी, एक हात. फक्त मनगटापर्यंत. दोरी धरलेला.

संपादिकेनं चित्र बराच वेळ पाहिलं. "मॅडम, बाकी सुंदर आहे. पण हा हात कोणाचा?"

"माझ्या मधल्या बहिणीचा."

"मजकुरात त्या कुठेच नाहीत. मुलं विचारतील, हात कोणाचा. आणि असा तुटका हात कडेला विचित्र दिसतोय, भुताटकीसारखा." ती थोडी थांबली. "एक तर त्यांना पूर्ण काढा, मग मी लेखकाशी बोलून एखादी ओळ घालून घेते. नाहीतर हात काढून टाका. तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल."

पुढे आयुष्यभर धाकटीला सलत राहिलं ते हेच. तिच्यावर कोणी बळजबरी केली नव्हती. तुम्ही ठरवा, असं सरळ म्हटलं होतं, आणि ठरवायला तिला आठवडाभर वेळही होता.

टेबलाशी बसून तिनं मधलीला पूर्ण काढून पाहिलं. चेहरा जमेना. घरातल्या एकुलत्या एका जुन्या फोटोत मधली पळत सुटलेल्या धाकटीला धरायला वाकलेली होती. तिचं डोकं तेवढं आलं होतं, तेही हललेलं. अंदाजानं काढलं तर चित्रात दोन मुली झाल्या. एक पूल बांधणारी आणि एक दोरी धरून दूध ढवळणारी. धाकटी दूर सरून चित्राकडे बघायची, आणि दर वेळी डोळा जायचा तो त्या दुसऱ्या मुलीकडे. ही कोण? हिचं पुढे काय झालं? ही पुढच्या पानावर का नाही? पुस्तक भलत्याच वाटेला जात होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी धाकटी तेव्हा स्वतःशीही नीट बोलली नाही. मधली चित्रात आली असती तर तिच्या पायाशी लाकडी घोडा घेऊन बसलेली तिसरीही आली असती. एकीनं शाळा सोडली ती नुसती थोरलीसाठी सोडली नव्हती.

धाकटीनं दोरीचं दुसरं टोक खुर्चीच्या पाठीला बांधलं. आखूड पायाच्या, पुठ्ठ्याची घडी घातलेल्या खुर्चीला. स्टो तिथंच राहिला, पातेलं तिथंच राहिलं. पातेल्यातून वाफ काढली होती ती इतकी सुरेख उतरली होती की पुसवेना.

पुस्तक निघालं. त्याचा छोटासा समारंभ एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झाला. थोरली आली होती, उंच, ताठ, पांढऱ्या केसांची. मुलांनी तिला गराडा घातला. मधलीही ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, कारण कडेला पाय लांब करता येतात. संपादिकेनं तिच्या हातात पुस्तक दिलं तेव्हा तिनं आधी हात रुमालाला पुसले.

धाकटी व्यासपीठावरून तिच्याकडेच बघत होती. मधली एकेक पान सावकाश उलटत होती. हिरव्या दारापाशी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. फळीवरची पातेली तिनं बोटानं मोजली. चमच्यांच्या पुलाशी ती थांबली. डावीकडून उजवीकडे तिची नजर गेली, खुर्चीपाशी अडली, आणि मग ती पुस्तक जरा जवळ घेऊन बघत राहिली. तेवढंच. पुढे तिनं पान उलटलं.

समारंभ संपल्यावर सगळे चहाचे पेले घेऊन उभे होते. लेखकानं मधलीला विचारलं, "काकू, कसं वाटलं?"

"छान झालंय हो. आमचं घर अगदी हुबेहूब." मग तिनं ते पान उघडून त्याच्यापुढे धरलं. "एवढंच बघा, इथं दूध उतू जाणार आहे. स्टो पेटलेला आणि जवळ कोणीच नाही."

सगळे हसले. लेखक तर मनापासून हसला, म्हणाला, काकूंची नजर बारीक आहे. मधलीही हसली. थोरलीनं तेवढं पेल्यात बघितलं, आणि धाकटीनं आपला पेला खाली ठेवला.

बसनं मधली आणि धाकटी परत आल्या. वाटेत मधली कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या नातवाबद्दल बोलत राहिली. त्याला दात उशिरा येत होते. धाकटी हो-हो करत होती. आपल्या थांब्यावर उतरताना मधलीनं पुस्तकाची पिशवी छातीशी धरली आणि म्हणाली, "पिवळा रंग बरोबर जमलाय हं." ते तिनं चांगल्या मनानं म्हटलं होतं. तेच जास्त लागलं.

थोरलीचा फोन आठवड्यानंतर आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "माईला का नाही काढलंस?"

"मजकुरात नव्हती ती."

"हं."

"तुला दाखवला नव्हता का मजकूर?"

"दाखवला होता. ते वाक्य मी वाचलं होतं, हाताशी कोणी नव्हतं ते." "त्या मुलाला मी 'आम्ही' म्हणूनच सांगितलं होतं. आम्ही पूल केला. त्यानं 'तिनं' केलं. मला खोडता आलं असतं. पण वाचायला बरं वाटलं गं, छोटे. एकटीनं केलं, असं वाचायला बरं वाटलं."

धाकटीला तिच्यावर रागावता आलं नाही. कुठल्या तोंडानं रागावणार?

मग तिनं चित्राची वही घेतली आणि मधलीकडे गेली. मधली दोन खोल्यांच्या जागेत वरच्या मजल्यावर राहायची. खिडकीशी शिलाईचं मशीन, त्याच्यावर झाकण, झाकणावर वाटाण्याच्या शेंगांची परडी.

"मला तुझं चित्र काढायचंय. पुस्तक पुन्हा छापतील तेव्हा ते पान बदलणार आहे मी."

"आता कशाला?" मधली म्हणाली. "छान झालंय पुस्तक. उगाच लोकांना काम."

"बस तू नुसती."

"मग वाटाणे कोण सोलणार?"

शेवटी ती वाटाणे सोलत बसली आणि धाकटी समोर स्टुलावर. साठ वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या चेहऱ्याकडे धाकटी पहिल्यांदाच कामाच्या नजरेनं बघत होती. नाक आईचं. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर. हनुवटीखाली एक पांढरी रेघ, जुनी.

"ही खूण कसली गं?"

"तुझा घोडा. फेकला होतास."

पेन्सिल चालत राहिली. खोलीत शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. धाकटी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "तुला शाळेची आवडच नव्हती, ना?"

मधलीचे हात थांबले. "कोणी सांगितलं?"

"सगळेच म्हणायचे. बाबा म्हणायचे, मधली घरातच रमते, तिचं अभ्यासात लक्ष नाही."

"बाबा म्हणायचे खरं." तिनं एक शेंग उचलली आणि नुसती धरून ठेवली. "त्यांना तसं म्हणावंच लागायचं. नाहीतर बस चालवता आली नसती त्यांना. मग मीपण तसंच म्हणायला लागले, म्हणजे कोणाला जड जायला नको. पण मला आवडायची शाळा. भूगोलाच्या बाई फळ्यावर नकाशा काढायला मलाच उठवायच्या. अख्खा किनारा मी खडू न उचलता काढायचे, खाड्याबिड्यांसकट. पोरं मागून टाळ्या वाजवायची."

धाकटीची पेन्सिल कागदावर टेकलेली राहिली. धाकटीचा हात कोणावर गेला, आपल्या घरात तर कोणाला रेघ ओढता येत नाही, असं नातेवाईक बोलायचे तेव्हा मधली तिथंच जेवण वाढत असायची.

"शाळा सुटल्यावर एकदा त्या बाई घरी आल्या होत्या," मधली म्हणाली. "मी दाराआड लपले. तुला कडेवर घेऊन. तुझ्या तोंडावर हात ठेवला, तू आवाज करू नयेस म्हणून."

"लपलीस कशाला?"

"त्यांनी चल म्हटलं असतं तर मी गेले असते."

एवढं बोलून तिनं शेंग मोडली. वाटाणे परडीत पडले, एक खाली घरंगळला. तो शोधायला ती वाकली आणि म्हणाली, "हललं का तुझं चित्र?"

धाकटीनं संपादिकेला सगळं सांगितलं. संपादिका चांगली होती, पण छापलेल्या प्रती गोदामात होत्या. त्या संपल्यावाचून नवी छपाई निघणार नव्हती. लेखकानं वाक्य बदलायला लगेच होकार दिला. फोनवर तो ओशाळला होता. "त्यांनी 'आम्ही' म्हटलं होतं, मला आठवतंय. वाक्यात ते जरा सैल वाटलं, म्हणून मी..." धाकटीनंच त्याची समजूत काढली. मनात आलं, याला दोष देऊन काय, लिहिलं तेव्हा यानं मधलीला पाहिलंही नव्हतं.

ते चित्र रंगवायला तिला फार दिवस लागले. म्हाताऱ्या चेहऱ्यातून अकरा वर्षांची मुलगी शोधायची होती. गाल भरायचे, डोळ्यांखालच्या पिशव्या काढायच्या, भुवई तशीच ठेवायची. रंगाशीही अडलं. पिवळा थोरलीचा. मधलीला करडं करायला हात धजेना. शेवटी तिनं तिला दाराचा हिरवा दिला. त्या दिवसांत तिनं आपली जुनी पुस्तकं कपाटातून काढली आणि एकेक चाळली. सगळीकडे उजेडात एकच माणूस. मागं शिजवलेलं अन्न, धुतलेले कपडे, पेटवलेले दिवे, आणि करणारं कोणी नाही. कोणाकोणाच्या बहिणी असतील यांत, असं तिला वाटलं, आणि तिनं ती पुस्तकं कपाटात ठेवली ती पाठ भिंतीकडे करून.

प्रती संपेपर्यंत दोन पावसाळे गेले. मधलीचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, मग दम लागायला लागला, मग दवाखाना. नवी छपाई अजून निघायची होती, तेव्हा धाकटी मूळ चित्रच कापडात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेली. दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवरची बाई घोरत होती. धाकटीनं मधलीला उशीला टेकवून बसवलं, चष्मा लावून दिला आणि चित्र तिच्या मांडीवर ठेवलं.

मधलीनं बराच वेळ पाहिलं. बोट दोरीवरून डावीकडून उजवीकडे गेलं आणि हिरव्या कपड्यांतल्या मुलीवर थांबलं.

"ही आई का?"

"नाही गं माई. ही तू."

"मी?" तिनं चष्मा सारखा केला आणि पुन्हा बघितलं. स्टोशी उभं राहायला मुलीच्या पायाखाली पाट होता. हात वर करून ती कशीबशी पातेल्यापर्यंत पोचत होती. धाकटीनं मापं काढून केलं होतं ते, अकरा वर्षांची मुलगी, तेवढा उंच ओटा.

"एवढी लहान होते मी?" मधली म्हणाली.

मधलीनं चित्राच्या कडेवरून एकदा हात फिरवला, जसा ती शिवून झालेल्या शर्टावरून फिरवायची. मग म्हणाली, "उचल आता, औषध सांडेल त्यावर." आणि डोळे मिटले.

ती त्याच महिन्यात गेली. नवी छपाई त्यानंतर आली. लेखकानं लिहिलं होतं: "बहिणीनं दोरी धरली. दोघींनी मिळून पूल बांधला." पुस्तक बदललंय हे फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. एका वाचनालयातल्या बाईंनी तेवढं विचारलं, आमच्याकडच्या जुन्या प्रती चालतील ना, का नव्या घ्यायला हव्यात. धाकटी म्हणाली, शक्य असेल तर नव्या घ्या. त्यांनी घेतल्या की नाही हे ती बघायला गेली नाही. जुन्या प्रती हजारो घरांत होत्या. त्या परत बोलावता येत नव्हत्या.

काम तिनं सोडलं नाही. आता कुठल्याही चरित्राचा मजकूर आला की ती लेखकाला फोन करते आणि विचारते, घरात आणखी कोण होतं? काही लेखक शोधून सांगतात. काही वैतागतात. कधी उत्तर मिळतं, माहीत नाही, कुठे नोंद नाही. अशा वेळी ती काय करते ते चित्राचित्रावर ठरतं, आणि दर वेळी जमतंच असं नाही. संपादिका म्हणते, तुमची पानं हल्ली भरगच्च झालीत मॅडम. मुलांचं बोट कधी कधी भलतीकडेच पडतं.

रविवारी सकाळी थोरलीचा फोन येतो. आधी असं नव्हतं. आधी थोरलीची खबर धाकटीला मधलीकडून कळायची आणि धाकटीची थोरलीला. ताईला खोकला झालाय, छोटीचं नवं पुस्तक निघालंय, असं इकडचं तिकडे मधलीच पोचवायची. आता दोघींना एकमेकींशी थेट बोलावं लागतं आणि बोलायची सवय नाही. गुडघे कसे आहेत, पाऊस आहे का, जेवलीस का. एवढ्यात सगळं संपतं. मग एखाद वेळी थोरली विचारते, "माई ते वाटाण्याचं कसं करायची गं, तुला माहितीय का?" धाकटी म्हणते, "नाही. मी कधी विचारलंच नाही." फोन मात्र कोणीच ठेवत नाही.